काचेच्या बाटलीत ऋतू साठवणारा हलवाई : निकोला अपेर



मे महिना आला की आपल्या घरात एक ठरलेला वाद होतो. कैरीचं लोणचं घालून झालेलं असतं, मुरंबा गार होत असतो आणि प्रश्न येतो, भरायचं कशात? आजी म्हणते चिनीमातीची नाहीतर काचेची बरणीच हवी. सून म्हणते प्लास्टिकचा डबा हलका, पडला तरी फुटत नाही, फ्रीजमध्येही नीट बसतो. दोघींचंही थोडं थोडं बरोबर असतं. पण हा वाद आजचा नाही बरं का! पदार्थ महिनोन्महिने टिकवायचा असेल तर त्याचं भांडं कसं असावं, या एका प्रश्नामागे एका माणसाने आपलं अर्धं आयुष्य घालवलं. तो शास्त्रज्ञ नव्हता, कुठल्या विद्यापीठात शिकलेला नव्हता. होता एक आचारी आणि हलवाई. त्याचं नाव निकोला अपेर.

विज्ञानाच्या तासाला अन्न टिकवण्याचा पाठ आपण शिकवतो. मीठ, साखर, तेल, वाळवणं, थंड ठेवणं, पाश्चरीकरण, हवाबंद डबे, अशी यादी फळ्यावर लिहितो आणि मुलं ती पाठ करतात. पण हवाबंद डबा कुणी शोधला असं एखाद्या चौकस मुलाने विचारलं तर आपल्यापैकी किती जण उत्तर देऊ शकतील? मलाही बरीच वर्षं ते माहीत नव्हतं. म्हणून आज ही गोष्ट सविस्तर सांगते. वर्गात सांगायला उपयोगी पडेल आणि घरी बरणी निवडतानाही.

बालपण आणि स्वयंपाकघरातली शाळा

निकोला अपेरचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९ रोजी फ्रान्समधल्या शालाँ या गावी झाला. हा शॅम्पेन प्रांत. तिथली फसफसणारी द्राक्षाची दारू जगभर प्रसिद्ध आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे या गोष्टीत शॅम्पेनची बाटली फार महत्त्वाची ठरणार आहे.

वडिलांची प्रवाशांसाठी सराई होती. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण, मुक्काम, घोड्यांना चारा. घर मोठं, भावंडं पुष्कळ. निकोला तळघरातल्या पिंपांमध्ये, मुदपाकखान्यात आणि मद्याच्या बाटल्यांमध्येच वाढला. पदार्थ खारवायचा कसा, मुरवायचा कसा, बिअर आंबवायची कशी, बाटलीला बूच घट्ट कसं बसवायचं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. हात चालत होते आणि डोळे बघत होते.

तरुणपणी तो जर्मन सरहद्दीजवळच्या एका संस्थानिकाकडे, ड्यूक ख्रिश्चन चौथा याच्याकडे, खाशा स्वयंपाकाच्या कामावर राहिला. ड्यूकच्या निधनानंतर त्याच्या विधवा पत्नीकडेही त्याने नोकरी केली. या काळात मोठ्या मेजवान्या, बारा महिने लागणारी फळं-भाज्या आणि त्यांची होणारी नासाडी त्याने जवळून पाहिली. हिवाळ्यात खाशांना मटार हवे असत आणि मटार तर उन्हाळ्यातच मिळत. आजच्या मुलांना हे सांगून पटत नाही, कारण त्यांच्या फ्रीजमध्ये बाराही महिने मटार असतात.

पॅरिसचं दुकान आणि तुरुंग

१७८४ च्या सुमारास अपेर पॅरिसला आला आणि रू दे लोंबार या रस्त्यावर त्याने मिठाईचं दुकान काढलं. फळांचे मुरंबे, पाकवलेली फळं, गोळ्या. धंदा चांगला चालला. पण या मिठाईचा एक दोष त्याला सतत खुपत होता. साखरेने फळ टिकतं खरं, पण मग त्याला फळाची चव राहत नाही, साखरेचीच येते. मिठाने मांस टिकतं, पण ते इतकं खारट होतं की खाण्याआधी भिजत घालावं लागतं. व्हिनेगरमध्ये भाजी टिकते, पण तिचं लोणचं होतं. पदार्थ जसा आहे तसाच, स्वतःच्या चवीसकट टिकवता येणार नाही का? प्रश्न साधा होता, पण तोवर कुणालाही तो सोडवता आलेला नव्हता.

मध्येच १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती आली. अपेर नुसता बघ्या राहिला नाही, आपल्या विभागाच्या कारभारात त्याने पुढाकार घेतला. पण क्रांतीने पुढे आपल्याच माणसांना गिळायला सुरुवात केली. १७९४ मध्ये अपेरलाही पकडून तुरुंगात टाकलं. त्या दिवसांत तुरुंगातून गिलोटिनकडे जाणारा रस्ता फार छोटा होता. अपेरचं नशीब बलवत्तर, काही महिन्यांनी तो जिवंत सुटला. बाहेर आल्यावर त्याने राजकारणाकडे पाठ फिरवली आणि पॅरिसजवळच्या इव्री या गावी जाऊन आपल्या त्या जुन्या प्रश्नाला हात घातला. तेव्हा त्याचं वय पंचेचाळीसच्या पुढे होतं. नवीन काही सुरू करायला उशीर झाला, असं वाटणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वय वहीत लिहून ठेवावं!

काचच का?

आता मुख्य भागाकडे येऊ. अपेरच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या. पहिली म्हणजे उष्णतेने पदार्थातलं काहीतरी नासवणारं मरतं किंवा निकामी होतं. दुसरी म्हणजे त्यानंतर बाहेरची हवा आत गेली की पदार्थ पुन्हा नासतो. म्हणजे भांडं असं हवं की त्यात पदार्थ बंद करूनच तापवता येईल आणि नंतर हवेचा कणही आत शिरणार नाही.

कोणतं भांडं? लाकडाच्या पिंपाला फटी आणि छिद्रं असतात. कच्च्या मातीच्या भांड्यातून ओल झिरपते. आपला माठ पाणी गार करतो तो त्यामुळेच. काचेतून मात्र हवाही जात नाही आणि पाणीही जात नाही. ती पदार्थात काही मिसळत नाही आणि पदार्थातलं काही शोषूनही घेत नाही. शिवाय आत काय चाललंय ते दिसतं. म्हणून अपेरने काच निवडली.

पण काच म्हटली की ती तापवताना तडकते. इथे त्याच्या गावाचा अनुभव कामाला आला. शॅम्पेनच्या बाटलीत आतून वायूचा मोठा दाब असतो, म्हणून ती जाड काचेची आणि मजबूत बांध्याची असते. अपेरने तशाच घडणीच्या बाटल्या घेतल्या. नंतर मांसाचे तुकडे आणि मोठ्या भाज्या मावाव्यात म्हणून त्याने रुंद तोंडाच्या बाटल्या मुद्दाम करवून घेतल्या.

काच जमली, पण खरी अडचण तोंडाशी होती. बाटली कितीही चांगली असली तरी झाकण सैल असेल तर सगळं व्यर्थ! बुचाच्या झाडाच्या सालीत बारीक नळ्यांसारखी छिद्रं असतात. रुंद तोंडासाठी मोठं बूच कापलं की ती छिद्रं उभी येतात आणि त्यांतून हवा आत जाते. अपेरने काय केलं, तर सालीचे तीन-चार थर एकावर एक ठेवून माशाच्या सरसाने चिकटवले. थर असे बसवले की छिद्रं आडवी राहावीत आणि हवेची वाट बंद व्हावी. मोठ्या बाटल्यांच्या तोंडाभोवती तो चुना आणि मऊ चीज यांचं लुकण लावायचा. वरून तार आवळायची. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायची पद्धत होती, त्यामागचा विचार याच जातीचा होता.

त्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

वर्गात सांगण्यासाठी अपेरची पद्धत चार टप्प्यांत मांडता येते.

१. टिकवायचा पदार्थ बाटलीत भरणं, वर थोडी जागा मोकळी सोडून.
२. बूच अत्यंत काळजीपूर्वक बसवणं. सगळं यश यावरच अवलंबून.
३. बाटल्या पाण्याच्या कढईत उभ्या करून, पदार्थानुसार ठरलेला वेळ उकळणं.
४. ठरलेल्या वेळी आच काढून, निवल्यावरच बाटल्या बाहेर काढणं.

प्रत्येक बाटली तो जाड कापडाच्या पिशवीत घालायचा. एक फुटली तर शेजारचीला धक्का नको आणि तुकडे गोळा करायला सोपे जावेत म्हणून. उकळल्यावर लगेच बाटली थंड हवेत काढायची नाही. आधी विस्तव काढायचा, थोड्या वेळाने कढईच्या तोटीतून पाणी सोडायचं आणि मग बाटल्या सावकाश निवू द्यायच्या. काच एकदम तापली किंवा एकदम गार झाली की तडकते, हे आपल्यालाही चहाच्या ग्लासने शिकवलेलं असतं!

प्रत्येक पदार्थाचा वेळ वेगळा. हिरव्या मटारला तो हवा थंड असेल तर दीड तास आणि उन्हाळा कडक असेल तर दोन तास देत असे. नाजूक फळांना फारच कमी. हे आकडे कुठल्या सूत्रातून आले नव्हते. बाटली भरायची, महिनोन्महिने ठेवायची, उघडायची, वास घ्यायचा, चव बघायची, बिघडली तर वेळ बदलायची, असं वर्षानुवर्षं चाललं. एका प्रयोगाचं उत्तर कळायला सहा-सहा महिने थांबायचं! आपल्या मुलांना मोबाईलवर उत्तर सहा सेकंदांत लागतं, त्यांच्याशी या सहा महिन्यांबद्दल जरूर बोला.

मासीचा कारखाना

१८०२ च्या सुमारास अपेरने पॅरिसच्या दक्षिणेला मासी या गावी कारखाना काढला. बाटलीबंद अन्नाचा हा जगातला पहिला कारखाना मानला जातो. कारखान्याभोवती स्वतःची शेती होती, मटार आणि शेंगा लावलेल्या. कारण त्याचा आग्रह असा की भाजी तोडली की त्याच दिवशी बाटलीत गेली पाहिजे. हंगामात तिथे पन्नासच्या आसपास माणसं काम करत.

१८०३ मध्ये ब्रेस्ट बंदरात फ्रेंच नौदलाने त्याच्या बाटल्यांची परीक्षा घेतली. तीन महिन्यांनी बाटल्या उघडल्या तेव्हा रस्सा चांगला होता आणि मटार व शेंगा ताज्या भाजीसारख्या लागल्या. महिनोन्महिने खारं मांस आणि कडक बिस्किटं खाणाऱ्या खलाशांना हे काय वाटलं असेल, कल्पना करा. पॅरिसच्या खवय्यांमध्येही बोलबाला झाला. खाण्यापिण्यावर वार्षिकी काढणारा ग्रिमो द ला रेनिएर याने अपेरच्या मटारची स्तुती केली. मात्र १८०६ च्या सरकारी औद्योगिक प्रदर्शनात त्याने बाटल्या मांडल्या तेव्हा त्याला एकही बक्षीस मिळालं नाही. चांगलं काम आणि बक्षीस यांची गाठ दरवेळी पडतेच असं नाही, हे आपण शिक्षक जाणतोच.

पैसे की मालकी?

आता या चरित्रातला सर्वांत मोठा क्षण. १८०९ मध्ये उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या फ्रेंच संस्थेच्या समितीने त्याच्या बाटल्या तपासून अनुकूल अहवाल दिला. मग सरकारच्या गृहखात्याने त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक, या पद्धतीचं पेटंट घे आणि तुझ्या परवानगीशिवाय कुणाला वापरू देऊ नकोस. दुसरी, पद्धत सगळ्या जगाला लिहून सांग आणि त्याबद्दल सरकारकडून १२,००० फ्रँक घे.

अपेरने दुसरी वाट धरली. १८१० मध्ये त्याचं पुस्तक आलं. प्राणिज आणि वनस्पतिज पदार्थ अनेक वर्षं कसे टिकवावेत, याचं ते पुस्तक. अटीप्रमाणे २०० प्रती सरकारला द्यायच्या होत्या. त्यात त्याने काहीही हातचं राखलं नाही. बूच कसं कापायचं, लुकण कसं करायचं, कुठल्या पदार्थाला किती वेळ, आणि बाटली बिघडली तर कोणकोणत्या चुका झाल्या असू शकतात, हे सगळं. एखादी गृहिणी ते वाचून घरी करू शकेल इतकं सोपं लिहिलं. लवकरच त्याची जर्मन आणि इंग्रजी भाषांतरं झाली.

इथे शिक्षकांसाठी एक सूचना. नेपोलियनने १७९५ साली १२,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं आणि अपेरने ते जिंकलं, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. पण जरा सनावळी तपासा. १७९५ मध्ये नेपोलियन हा एक तरुण सेनाधिकारी होता. सत्ता त्याच्या हाती आली १७९९ च्या अखेरीस आणि सम्राट झाला तो १८०४ मध्ये. मग १७९५ ला तो बक्षीस कसं जाहीर करील? अपेरला मिळालेली रक्कम ही स्पर्धेतलं बक्षीस नव्हतं, पद्धत खुली करण्याबद्दल दिलेलं अनुदान होतं. छापलेलं सगळं खरं नसतं, सन ताडून बघावेत, हे मुलांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

काच हरली, पत्रा जिंकला

पुस्तक आलं त्याच वर्षी, ऑगस्ट १८१० मध्ये, इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंड याने अन्न टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पद्धत अपेरचीच, पण त्यात काचेबरोबर कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचाही समावेश होता. पुढे ब्रायन डॉन्किन आणि जॉन हॉल यांनी लंडनमध्ये डब्यांचा कारखाना काढला आणि १८१३ पासून इंग्लंडच्या आरमाराला डबाबंद मांस मिळू लागलं. ज्याने पद्धत मोफत सांगितली तो बाजूला राहिला आणि ज्यांनी पेटंट घेतलं त्यांचा धंदा वाढला.

पत्रा का जिंकला, हे समजून घेऊ. जहाजाच्या हेलकाव्यात आणि सैन्याच्या गाडीत काच फुटते. काच जड असते. डबा पडला तर फार तर चेपतो. म्हणजे काच पदार्थासाठी उत्तम, पण प्रवासासाठी अडचणीची. गंमत अशी की ते डबे इतके जाड होते की छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत. डबा उघडायचं हत्यार निघालं ते १८५० च्या दशकात!

इकडे अपेरवर दुसरंच संकट आलं. नेपोलियनचा पराभव झाल्यावर १८१४-१५ मध्ये शत्रूच्या फौजा फ्रान्समध्ये शिरल्या आणि मासीचा कारखाना उद्ध्वस्त झाला. अपेर तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. सेवानिवृत्तीच्या वयात त्याने पॅरिसमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. १८१७ च्या सुमारास सरकारने त्याला एका जुन्या आश्रमाच्या इमारतीत जागा दिली. तिथे त्याने हट्ट न धरता स्वतःही पत्र्याचे डबे करायला घेतले. काचेवर त्याचं प्रेम होतं, पण काम काय आहे ते पाहून भांडं निवडायचं, एवढा मोकळेपणा त्याच्यात होता.

१८२२ मध्ये त्याच उत्तेजन संस्थेने त्याला मानवजातीचा उपकारकर्ता अशी पदवी दिली. मान मिळाला, पैसा नाही. आयुष्यभराची कमाई तो प्रयोगांत घालत राहिला. १ जून १८४१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, मासी इथे गरिबीत त्याचं निधन झालं. स्वतंत्र कबरीपुरतेही पैसे नव्हते, सार्वजनिक खड्ड्यात त्याला पुरलं. पुढे १९५५ मध्ये फ्रान्सने त्याच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं आणि फ्रेंच भाषेत या पद्धतीला आजही त्याच्याच नावावरून शब्द आहे.

का टिकतं, हे त्याला माहीत नव्हतं

अपेरची पद्धत यशस्वी होती, पण ती का यशस्वी होते हे त्याला सांगता येत नव्हतं. गे-ल्युसॅक या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने बाटल्यांतली हवा तपासली आणि निष्कर्ष काढला की ऑक्सिजन नाहीसा झाल्यामुळे पदार्थ टिकतो. हे उत्तर अपुरं होतं. खरं कारण १८६० च्या दशकात लुई पाश्चरच्या प्रयोगांनी उलगडलं. अन्न नासवतात ते सूक्ष्मजीव. उष्णतेने ते मरतात आणि बंद बाटलीत नवे शिरत नाहीत. पाश्चरचा जन्म १८२२ चा, म्हणजे अपेरला पदवी मिळाली त्याच वर्षीचा. हात आधी शिकले, डोक्याला कारण नंतर कळलं. आपल्या आज्यांचंही असंच नाही का?

मात्र इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. अपेरची पद्धत घरी जशीच्या तशी करू नका. साध्या उकळत्या पाण्याने, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, बहुतेक जंतू मरतात. पण बोट्युलिझम हा जीवघेणा आजार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू त्यातूनही वाचू शकतात आणि त्यांना हवा नसलेली बंद बाटलीच मानवते. मटार, शेंगा, मका, मांस, मासे असे आंबट नसलेले पदार्थ कारखान्यात दाबाखाली सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवतात ते यासाठीच. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवणंही याच कारणाने धोक्याचं. कैरी, लिंबू यांच्या लोणच्यात भरपूर आंबटपणा आणि मीठ असतं, गोड मुरंब्यात साखर असते, म्हणून ती टिकतात. बाजारातल्या डब्याचं झाकण फुगलेलं दिसलं तर चव घेऊन बघू नका, सरळ टाकून द्या. हे विष नेहमी वासावरून ओळखू येत नाही.

मग आपण काय निवडायचं?

आता आपल्या घरच्या वादाकडे परत येऊ. प्लास्टिक अपेरच्या काळी नव्हतंच. आज डबे-पिशव्यांत सर्वत्र दिसणारं पॉलिथिन सापडलं १९३३ मध्ये. ते हलकं, स्वस्त, न फुटणारं, म्हणजे पत्र्याचे गुण त्यात आले. पण अपेरच्या कसोट्या लावून बघा.

- हवा : काचेतून हवा मुळीच जात नाही. प्लास्टिकमधून ती अगदी सावकाश का होईना जाते. चार दिवसांच्या पदार्थाला फरक पडत नाही, वर्षभराच्या पदार्थाला पडतो.
- वास आणि रंग : प्लास्टिक तेल, हळद, मसाल्याचा वास शोषून घेतं. काच घासली की कोरी.
- उष्णता : गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये भरू नये. काचेतही उकळता पदार्थ गार बरणीत एकदम ओतू नये.
- झाकण : काचेच्या बरणीचंही झाकण बहुतेक पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं असतं. ते गंजलेलं, सैल असेल तर काचेचा उपयोग नाही. अपेरने बुचासाठी केलेला खटाटोप आठवा.
- उजेड : पारदर्शक बरणीत उजेडाने तेल खवट होतं, रंग उडतो. म्हणून काच असेल तरी अंधाऱ्या कपाटात ठेवावी.
- फुटणं : लहान मुलांच्या हाताशी, शाळेच्या डब्यात, प्रवासात काच नको.

माझं मत विचाराल तर, लोणचं, मुरंबा, तूप, मध, मसाले हे वर्षभराचं असेल तर काच किंवा चिनीमाती. कोरडी डाळ, तांदूळ, पोहे यांना स्टील किंवा अन्नासाठीच बनवलेला चांगल्या प्रतीचा प्लास्टिकचा डबा चालतो, झाकण घट्ट आणि डबा पूर्ण कोरडा हवा. रंगाच्या, औषधाच्या, खताच्या रिकाम्या बरण्या अन्नासाठी कधीच वापरू नका. पाण्याची एकदा वापरायची बाटली वर्षानुवर्षं भरत राहू नका.

जाता जाता आपल्या मातीतली एक आठवण. १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. अपेरच्या कोठीतल्या बाटलीपासून आपल्या फडताळातल्या बरणीपर्यंतचा रस्ता असा अनेक साध्या माणसांनी मिळून बांधलेला आहे.

वर्गात करून पाहण्यासारखं

एक काचेची आणि एक प्लास्टिकची अशा दोन सारख्या आकाराच्या, झाकणाच्या बरण्या घ्या. दोन्हींत चिरलेला कांदा, चमचाभर तेल आणि हळद घालून दोन दिवस ठेवा. मग रिकाम्या करून सारख्याच साबणाने धुवा, वाळवा, झाकण लावून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलांना डोळे मिटून वास घ्यायला सांगा, मग रंग बघायला सांगा. निरीक्षण वहीत तक्त्यात लिहून घ्या. आतला पदार्थ मात्र कुणी खायचा नाही, हे आधीच बजावा.

प्रश्न विचारा : अपेरने बाटली आधी बंद करून मग का उकळली, उकळून मग बंद का केली नाही? पेटंट न घेण्याचा त्याचा निर्णय बरोबर होता का? या दुसऱ्या प्रश्नावर सातवी-आठवीच्या वर्गात फार छान चर्चा होते. माझ्या वर्गात अर्धी मुलं त्याला भोळा म्हणाली आणि अर्धी मोठा. एका मुलीने विचारलं की त्याने पेटंट घेतलं असतं तर आपल्याला त्याचं नाव जास्त माहीत असतं का कमी? मला लगेच उत्तर देता आलं नाही. तुमच्या वर्गात विचारून बघा.

यंदा बरणी धुऊन उन्हात वाळत घालाल तेव्हा शेजारी मुलांना बसवा आणि त्या म्हाताऱ्या हलवायाची गोष्ट सांगा. झाकण घट्ट लावायचं काम त्यांच्याकडेच द्या.